जुनी एमटीबी सुधारावी की नवी घ्यावी? आधी फ्रेमची मापं घ्या

जुन्या माउंटन बाईकचं (एमटीबीचं) काय करायचं, हा विचार बहुतेकांच्या डोक्यात गिअरपासून सुरू होतो. नव्या सायकलींना पुढे एकच चकती आणि मागे बाराची कॅसेट, म्हणजे बारा दातेरी चकत्यांचा संच, दिसते. आपल्या सायकलीला पुढे तीन आणि मागे आठ. मग रात्री बसून शिफ्टर (गिअर बदलायची कळ), डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), क्रँक (पॅडलचा दांडा) असं एकेक सामान शोधायला सुरुवात होते.

माझं सांगणं असं, की ते सामान अजून मागवू नका. जुनी सायकल सुधारण्याजोगी आहे की नाही, हे गिअर ठरवत नाहीत. ते फ्रेम ठरवते. हेडट्यूबमध्ये (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत) कोणता फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) बसेल, मागे किती रुंद हब (चाकाचा मधला भाग) मावेल, ब्रेक कुठे पकडता येईल, ही मापं फ्रेम बनली त्या दिवशी ठरली आणि ती बदलत नाहीत. गिअर आज ना उद्या झिजणारच आहेत.

माझी २६ इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) मी आधी सुधारली, दोन वर्षं मनापासून चालवली आणि मग नवी घेतली. त्या दोन्ही निर्णयांत जे शिकलो, ते इथे क्रमानं लिहितोय.

पहिली पायरी: धुवा, सर्व्हिस करा, पंधरा दिवस चालवा

सायकल जड चालते, गिअर उड्या मारतो, ब्रेक धरत नाही. या तक्रारींचं मूळ पुष्कळदा गंजलेल्या केबल, ताणलेली चेन, तेलकट ब्रेक पॅड आणि चुकीची हवा यांत असतं. त्यामुळे पहिला खर्च केबल आणि तिचं आवरण, ब्रेक पॅड आणि लागली तर चेन, एवढाच करा.

चेन मोजायला स्टीलची पट्टी पुरते. चेन ताणात ठेवा, एका पिनच्या मध्यावर पट्टीचा शून्य धरा आणि १२ इंचांच्या खुणेकडे बघा. नव्या चेनमध्ये तिथे बरोबर पिनचा मध्य येतो. पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ इंच गेली असेल तर कॅसेटचे दातही त्या ताणलेल्या चेनच्या मापानं झिजलेले असतात, आणि त्यावर नुसती नवी चेन टाकली तर जोर दिला की ती घसरते. मग चेन आणि कॅसेट दोन्ही बदलणं आलं, पुढची सर्वांत जास्त वापरलेली चकतीही बहुधा. गिअर बदलायचा विचार करायची खरी वेळ ही आहे, कारण हा खर्च तसाही तुमच्या दारात आलेलाच असतो.

यानंतर पुढचा ब्रेक घट्ट दाबा आणि सायकल मागे-पुढे हलवा. दुसऱ्या हाताची दोन बोटं हेडसेटच्या (फोर्क ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या) खालच्या कपावर अशी ठेवा, की अर्धं बोट कपावर आणि अर्धं फोर्कच्या माथ्यावर येईल. बोटाखाली टकटक जाणवली तर हेडसेट ढिला आहे. तो नीट घट्ट करता येतो. आता तीच बोटं खाली, फोर्कचा चकचकीत पाय जिथे खालच्या नळीत शिरतो तिथे ठेवा. खेळ तिथे जाणवला तर फोर्कची बुशिंग (पाय ज्यांवर सरकतात त्या आतल्या कड्या) झिजली आहेत, आणि जुन्या फोर्कमध्ये तो खर्च फोर्कच्या लायकीपेक्षा जास्त होतो. कानाला दोन्हींचा आवाज सारखाच येतो. फरक फक्त बोटांना कळतो, म्हणून हे दुसऱ्याला विचारून होत नाही.

फोर्क कडक वाटत असेल तर लगेच नव्याचा विचार करू नका. त्याचे खालचे पाय साधारण दर ५० तासांच्या रायडिंगनंतर उघडून, पुसून, ताजं तेल घालायचे असतात. कित्येक फोर्कना हे आयुष्यात एकदाही मिळालेलं नसतं. आतल्या स्पंजच्या कड्या कोरड्या पडलेल्या असतात, आणि तेल मिळालं की तोच फोर्क हलू लागतो.

एवढं करून पंधरा दिवस चालवा. आता जी उणीव उरली, तीच खरी उणीव. ती वहीत एका वाक्यात लिहा: "उतारावर भीती वाटते", "चढावर पाय थांबतात", "लांब रायडनंतर मनगटं दुखतात". "गिअर जुने आहेत" ही उणीव नाही, ती फक्त माहिती आहे.

दुसरी पायरी: फ्रेम तडकलेली नाही ना?

अॅल्युमिनियमला ताणाची आठवण राहते. प्रत्येक धक्का छोटा असला तरी त्याची बेरीज होत जाते. म्हणून फ्रेम कोरडी, स्वच्छ करून चांगल्या उजेडात बघा: हेडट्यूब आणि डाउनट्यूब (खालची तिरकी नळी) मिळतात तो खालचा सांधा, बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस फिरतो त्या जागेच्या) आसपास, मागचे चेनस्टे (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) आणि सीटट्यूबचं (सीटखालच्या नळीचं) वरचं तोंड. शंका आली तिथून कापसाचा बोळा फिरवा. रंगाचा ओरखडा असेल तर कापूस सरकून जातो. धातूला तडा असेल तर एखादा तंतू अडकून मागे राहतो.

माझ्या फ्रेमचा तडा असाच सापडला. सीटचा क्लॅम्प काढून खालची फट पुसत होतो. फटीच्या टोकापासून केसाएवढी काळी रेघ खाली उतरलेली दिसली, नखाच्या टोकाएवढी. ओल्या फडक्यानं पुसली, गेली नाही. कापसाचा तंतू अडकला. तेव्हा वाटलं तेच तुम्हालाही वाटेल, की एवढ्याशा रेघेनं काय होतंय. पण सीटपोस्टवर बसलेल्या माणसाचं सगळं वजन त्याच काठावर मागे रेलतं, आणि रेघ वाढतच जाते.

तडा असेल तर सुधारणेचा विषय इथेच संपला. अॅल्युमिनियमची फ्रेम वेल्ड करून मिळते, पण वेल्डच्या उष्णतेनं आजूबाजूच्या धातूचं मूळ टेम्परिंग (उष्णतेनं दिलेली मजबुती) जातं आणि पुढचा तडा शेजारीच येतो. स्टीलची गोष्ट वेगळी. ती नीट जोडता येते, पण सीटपोस्ट काढून आत टॉर्च मारून गंज किती खोल आहे ते पाहा. कार्बनच्या फ्रेमला आपटल्याची खूण असेल तर ती जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय चालवू नका. फुल सस्पेन्शन (मागेही शॉक) असेल तर सीटला धरून मागचं चाक अलगद उचला. उचलताना आधी खट्ट आवाज आला आणि मग चाक उचललं गेलं, तर पिव्हटची (मागच्या हलत्या सांध्यांची) बेअरिंग किंवा शॉकची बुशिंग गेली आहेत. ती मिळतात का, हे आधी शोधा. त्या मॉडेलची मिळत नसतील तर बाकी कशावरही खर्च करू नका.

तिसरी पायरी: मापं

आता वही, टेप आणि जमल्यास व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन बसा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि सगळा निर्णय यावर उभा आहे.

चाक. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ५५९, ५८४ किंवा ६२२ यांपैकी एक आकडा असतो. हा रिमवरच्या बैठकीचा व्यास मिमीमध्ये आहे: ५५९ म्हणजे २६ इंच, ५८४ म्हणजे २७.५ आणि ६२२ म्हणजे २९. जुन्या सायकली २६ च्या असण्याला इतिहास आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात जुन्या जाड टायरच्या क्रूझर सायकली डोंगरावरून पळवायला सुरुवात झाली. त्या २६ इंची होत्या. १९७७ मध्ये जो ब्रीझनं खास डोंगरासाठी सायकल बांधली तीही त्याच मापाची, आणि पुढे कित्येक वर्षं तेच माप चाललं. हे चाक वाईट नाही. मात्र त्याचे चांगले टायर, रिम आणि फोर्क आता कमी मिळतात.

हेडट्यूब. फोर्कची दांडी वरपासून खालपर्यंत सरळ १⅛ इंचाची आहे, की खाली १.५ इंचांपर्यंत रुंद होते, हे बघा. दुसरीला टेपर्ड म्हणतात. खालचा कप वरच्यापेक्षा ठळक मोठा दिसत असेल तर टेपर्ड. दोन्ही सारखेच असतील तर आतला व्यास महत्त्वाचा. ३४ मिमीच्या जुन्या हेडट्यूबमध्ये टेपर्ड फोर्क बसूच शकत नाही. ४४ मिमीची असेल तर खाली बाहेरचा कप लावून टेपर्ड फोर्क बसवता येतो. कप नळीच्या बाहेर उठून दिसत असतील आणि नळी बारीक असेल तर बहुधा ३४. कप नळीत लपलेले आणि नळी जाड असेल तर बहुधा ४४. पक्कं माप व्हर्नियरनं घ्या.

मागचा हब. चाक काढून फ्रेमच्या दोन टोकांमधलं आतलं अंतर मोजा. क्विक रिलीजवाल्या (कळ उलटवून चाक सोडायच्या) जुन्या एमटीबीत ते १३५ मिमी असतं. नंतर १२ मिमीच्या थ्रू अॅक्सलसह (आरपार जाणाऱ्या जाड आसासह) १४२ आलं, आणि आता १४८, ज्याला बूस्ट म्हणतात. पुढेही तसंच: १०० मिमी क्विक रिलीज, मग १५ मिमी अॅक्सलसह १००, आता ११०.

फ्रीव्हील की कॅसेट, यात पुष्कळ जण फसतात. पॅडल उलटं फिरवा आणि दातांच्या मध्यभागी, पाना लावायच्या खाचांकडे बघा. खाचा दातांबरोबर फिरत असतील तर कॅसेट. दात फिरतात आणि खाचा स्थिर राहतात, तर ते आट्यांवर बसवलेलं फ्रीव्हील आहे. फ्रीव्हीलच्या हबवर कॅसेट चढत नाही. नवा हब, म्हणजे व्यवहारात नवं चाकच घ्यावं लागतं.

ब्रेक. डिस्कसाठी फ्रेमवर मागे डाव्या बाजूला बसवायची जागा आहे का? नसेल आणि फक्त व्ही-ब्रेकचे (रिमला दाबणाऱ्या ब्रेकचे) खुंट असतील, तर मागे डिस्क लावायचे जुगाड करू नका. सीटपोस्टवर २७.२, ३०.९, ३१.६ असा जो आकडा कोरलेला असेल तो लिहून घ्या. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा असेल तर बरं. त्याचे सुटे भाग सहज मिळतात. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, एवढं खोलताना लक्षात ठेवा.

चौथी पायरी: एक भाग दुसऱ्याला ओढतो

माझी उणीव होती "उतारावर पुढचं चाक उसळतं", म्हणून मला फोर्क हवा होता. एका कागदावर फोर्क लिहिला आणि त्याच्याखाली त्याला लागणारं सगळं लिहीत गेलो. चांगला हवेचा फोर्क टेपर्ड, म्हणून खालचा बाहेरचा कप. त्याचा अॅक्सल १५×११० चा, म्हणून नवा पुढचा हब. नवा हब म्हणजे नवे स्पोक आणि चाक बांधणी. तो फोर्क २७.५ चा, म्हणून रिम आणि टायरही. पुढचं चाक मोठं आणि फोर्क उंच, म्हणून सायकलीचं नाक वर. कागदाच्या तळाशी आलो तेव्हा फोर्क हा यादीतला एक भाग राहिला होता, आणि यादीतलं काहीच पुढच्या सायकलीवर जाईल याची खात्री नव्हती. फोर्क घेतला नाही. तो कागद अजून वहीत आहे.

तुम्हीही प्रत्येक मोठ्या बदलासाठी असा कागद करा. केबल, चेन, अॅडाप्टर, बसवण्याची मजुरी आणि लागणारी अवजारंसुद्धा लिहा.

फोर्कबद्दल एक धोक्याचंही आहे. मूळ फोर्कपेक्षा लांब फोर्क लावला की हेड अँगल (हेडट्यूबचा जमिनीशी कोन) सपाट होतो; २० मिमीला साधारण एक अंश. १०० मिमीसाठी बनलेल्या फ्रेमला १२० मिमी बहुधा सोसतं, पण १४० लावलं तर हेडट्यूबवर येणारा मोड वाढतो, आणि तडे जायची पहिली जागा तीच आहे. फ्रेम बनवणाऱ्यानं मर्यादा दिली असेल तर ती ओलांडू नका.

पाचवी पायरी: खर्चाची तीन खाती

पहिलं खातं झिजणाऱ्या वस्तूंचं: टायर, चेन, पॅड, केबल. हा खर्च बिनदिक्कत करा. दुसरं, नव्या सायकलीवर बरोबर येणाऱ्या वस्तूंचं: पॅडल, सीट, ग्रिप, चांगले हायड्रॉलिक ब्रेक. तीन तुकड्यांच्या क्रँकवरच्या पॅडलचे आटे ९/१६ इंचांचे असतात आणि जुन्या-नव्या सायकलींत तेच आहेत. तिसरं खातं याच फ्रेमला बांधलेल्या वस्तूंचं: २६ चा फोर्क, १३५ मिमीची चाकं, २७.२ चा ड्रॉपर (चालवताना सीट खाली-वर करता येणारा) सीटपोस्ट. या खात्यात पैसे घालायचे तर फ्रेम अजून चार-पाच वर्षं चालवायचीच, हे मनाशी पक्कं हवं.

क्रम विचाराल तर मी टायर सगळ्यात आधी बदलेन. कडक झालेलं जुनं रबर काढून मऊ, चांगल्या नक्षीचे, फ्रेममध्ये मावतील तितके रुंद टायर लावले की पकड, ब्रेक आणि आराम तिन्हींत फरक पडतो. दोन्ही बाजूंना निदान ५-६ मिमी जागा चिखलासाठी मोकळी ठेवा. रिम ट्यूबलेससाठी बनलेली असेल तर ट्यूबलेस करा. नसेल तर नुसत्या टेपच्या भरवशावर करू नका.

मग हँडल. जुन्या सायकलींत ५८०-६२० मिमीचं हँडल आणि १०० मिमीचा स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा भाग) असायचा. हँडल ७२०-७४० आणि स्टेम ६०-७० केला की उतारावर सायकल हातात राहते. मात्र नव्या सायकली बघून ३५ मिमीचा स्टेम लावू नका. नव्या फ्रेम लांब असतात म्हणून त्यांना तो शोभतो. जुन्या आखूड फ्रेमवर गुडघे हँडलला लागतात. स्टेमचे बोल्ट त्यावर छापलेल्या आकड्याइतकेच आवळा, बहुधा ५ न्यूटन मीटर, आणि पहिल्या दोन रायडनंतर पुन्हा तपासा.

ब्रेकमध्ये, मागे डिस्कची सोय नसेल तर निदान पुढे करता येते का ते बघा, कारण थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो. फोर्कला आणि पुढच्या हबला डिस्कची जागा लागेल. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये ज्यासाठी सांगितलंय तेच तेल घाला. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट प्रकारचा ब्रेक द्रव गेला तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेक जातो.

आता गिअर. बाराच्या मागे लागण्याची गरज नाही. पुढे २२-३२-४२ आणि मागे ११-३४ असेल तर तुमचा सर्वांत हलका गिअर २२ भागिले ३४, म्हणजे ०.६५. पुढे ३० ची एकच चकती आणि मागे ११-५१ केली तर ०.५९, म्हणजे चढाला अजून हलका. वरच्या टोकाला मात्र ३.८२ वरून २.७३ वर येता. सपाट रस्त्यावर वेगानं जाणाऱ्याला हे खुपेल, डोंगरात फिरणाऱ्याला जाणवणारही नाही. शिमानो कंपनीची डिओरे मालिकेतली अकराची ११-५१ कॅसेट जुन्या हायपरग्लाइड प्रकारच्या फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यावर) बसते, म्हणून चाक तेच राहतं. शिमानोच्या बाराच्या बहुतेक एमटीबी कॅसेटना मायक्रो स्प्लाइन आणि स्रॅम कंपनीच्या दहा दातांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटना एक्सडी असा वेगळा फ्रीहब लागतो. शिफ्टर आणि मागचं डिरेलर एकाच मालिकेचं घ्या. शिमानोत ७, ८, ९ स्पीडची एमटीबी डिरेलर एकमेकांच्या शिफ्टरवर चालतात, पण १० पासून केबल ओढण्याचं प्रमाण बदललं. पुढे एकच चकती करताना ती आळीपाळीनं जाड-बारीक दातांची आणि डिरेलर क्लच (चेन ताणात ठेवणारी यंत्रणा) असलेलं हवं, नाहीतर खडबडीत वाटेवर चेन उतरते.

सहावी पायरी: जे पैशानं बदलत नाही

बरेच दिवस जपलेली सायकल सोडायला खरं कारण लागतं, आणि फ्रेम धडधाकट असेल तर माझ्या मते ते कारण एकच आहे: भूमिती, म्हणजे फ्रेमचे कोन. जुन्या एक्ससी (क्रॉस-कंट्री) हार्डटेलचा हेड अँगल ७०-७१ अंशांचा, आताच्या ट्रेल (डोंगरवाटांच्या) सायकलींचा ६४ ते ६६. त्यामुळे पुढचं चाक तुमच्या पुढे लांब राहतं आणि तीव्र उतारावर हँडलवरून उलटायची भीती कमी होते. सीटट्यूब ७२-७३ वरून ७६-७७ अंशांवर आली, म्हणजे चढावर तुम्ही पॅडलच्या वर बसता आणि पुढचं चाक उचललं जात नाही. स्टेम, टायर, फोर्क काहीही बदला, हा फरक भरून निघत नाही.

म्हणून वहीतली उणीव पुन्हा वाचा. "पकड कमी", "ब्रेक कमी", "चढाला गिअर कमी" असेल तर जुनी सुधारा. "तीव्र उतारावर पुढे फेकला जातो" असेल आणि टायर, ब्रेक, हँडल झाल्यावरही तेच वाटत असेल, तर नवी घ्या. फ्रेमचा साइजच चुकीचा असेल तर मात्र एकही पार्ट घेऊ नका. आणि तुमचं फिरणं मातीचे रस्ते, शेतवाटा आणि सौम्य चढ-उतार एवढंच असेल, तर जुनी हार्डटेल त्या कामाला आजही उत्तम आहे. तिला सोडू नका.

हिशेबाची माझी रेघ अशी: तिसऱ्या खात्यातला खर्च नव्या चांगल्या हार्डटेलच्या किमतीच्या एक तृतीयांशावर गेला, की थांबायचं.

सातवी पायरी: नवी घेताना

त्याच पैशात हार्डटेल आणि फुल सस्पेन्शन समोर असतील तर हार्डटेल घ्या. स्वस्त फुल सस्पेन्शनमध्ये शॉक आणि पिव्हटवर पैसे जातात आणि फोर्क, ब्रेक, चाकं हलक्या दर्जाची मिळतात. पार्ट नंतर बदलता येतात, म्हणून फ्रेम बघा: टेपर्ड हेडट्यूब, मागे १४८×१२ थ्रू अॅक्सल, ड्रॉपरची केबल आतून न्यायची सोय, डिरेलरचा हँगर (डिरेलर ज्यावर लटकतं तो तुकडा) सहज मिळणारा; यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) असेल तर उत्तम. ट्यूबलेस रिम हवीच. वापरलेली सायकल घ्यायची तर दुसऱ्या पायरीतली सगळी तपासणी तिथेच, मालकासमोर करा.

माझ्या नव्या २९ वर जुन्यातून पॅडल, सीट, ग्रिप आणि ब्रेक आले. टायर आणि हँडल मागे राहिले. जुनी सायकल विकणार असाल तर चांगले पार्ट काढून मूळ पार्ट परत लावा, कारण वापरलेल्या सायकलीत त्यांची वेगळी किंमत कुणी देत नाही. फ्रेमला तडा असेल तर मात्र ती विकू नका, फुकटही देऊ नका. मी माझी भंगारात देण्याआधी डाउनट्यूब करवतीनं आरपार कापली, म्हणजे ती पुन्हा कुणी चाकांवर चढवणार नाही.